गाडी-शंका: जुनी महागडी डिझेल गाडी कुणाच्या हाती सोपवायची?

या वेळी सदरात दहा-पंधरा वर्षं जुन्या महागड्या डिझेल गाड्यांचेच प्रश्न घेतले आहेत. दुखणी निरनिराळी आहेत, पण चिंता सगळ्यांची सारखीच: वॉरंटी केव्हाच संपली, कंपनीच्या वर्कशॉपचं बिल झेपत नाही आणि बाहेर भरवसा कुणावर ठेवायचा ते कळत नाही. वाचकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (डिचोली): माझी 2011 ची मर्सिडीज ई 350 सीडीआय आहे, 1 लाख 40 हजार किलोमीटर झाले. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून ऑइल ठिबकतं. एक मेकॅनिक म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरा म्हणतो टर्बो गेला. खरं कोण बोलतोय ते कसं ओळखायचं? आणि गोव्यात अशा गाडीला विश्वासू माणूस शोधायचा कसा?

उत्तर: बहुधा दोघांचाही अंदाज चुकतोय, आणि चूक समजण्यासारखी आहे. तुमच्या गाडीत 3 लिटरचं व्ही-6 इंजिन आहे, ओएम 642. सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली, ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याची रबरी सीलं वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि ऑइल खोबणीत साचू लागतं. खोबण भरली की ते मागच्या बाजूने ओघळतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतं. गाडी वर उचलून खालून पाहणाऱ्याला क्रँकचं सील गेल्यासारखंच दिसतं. तेवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवला तर पैसे जातात आणि गळती तशीच राहते.

टर्बोवाल्याचंही तसंच. या इंजिनात ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीची) ऑइल मिसळलेली वाफ टर्बोच्या तोंडाशी येते. तिथलं सील सैल झालं की पाइप आणि टर्बोचं तोंड ऑइलने ओलं दिसतं. म्हणून टर्बो गेला असं होत नाही. पाइप काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघायचा. आडवा अगदी किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे सरकत असेल, किंवा पाती कवचाला घासल्याच्या खुणा असतील, तरच टर्बोकडे संशयाने बघायचं. ते ओघळणारं ऑइल मात्र खालच्या स्वर्ल फ्लॅपच्या (सिलिंडरमध्ये जाणारी हवा घुसळणाऱ्या झडपांच्या) मोटरवर पडून ती मोटर मारतं. मग गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन जपण्यासाठी ताकद कमी केलेल्या अवस्थेत) जाते, पिकअप उरत नाही, आणि दोष पुन्हा टर्बोच्या माथी बसतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. मागचा भाग धुऊन कोरडा करायचा, इंजिन ऑइलमध्ये यूव्ही रंग घालायचा, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची आणि यूव्ही टॉर्चने वरून पाहायचं. खोबणीत बोरस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली, नळी घातली तर साचलेलं ऑइल थेट दिसतं. कूलरच निघाला तर टर्बो आणि दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. सीलं स्वस्त, मजुरी महाग. सरावलेल्या हातालाही दोन दिवस लागतात. जुनी सीलं नारिंगी निघतील, नवी सुधारित सीलं जांभळी असतात. बॉक्समधून पुन्हा नारिंगी सील निघालं तर घेऊ नका. वरचं सगळं उघडलेलंच आहे तर टर्बोच्या तोंडाचं सील, मॅनिफोल्डची गास्केटं आणि इनटेकमधली काजळी यांचंही काम त्याच वेळी उरकायला सांगा. नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भराल.

आता भरवशाबद्दल. आमच्या मते चांगल्या मेकॅनिकची पहिली खूण एकच: तो मोजल्याशिवाय पार्ट बदलत नाही. तुमच्याच गाडीचं लक्षण त्याच्यापुढे ठेवा आणि "काय बदलाल?" असं विचारण्याऐवजी "हे कशावरून ठरवाल?" असं विचारा. "बघून सांगतो, एक दिवस ठेवा, धुऊन रंग घालतो" म्हणणारा माणूस कामाचा. बॉनेट उघडायच्या आत आकडा सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा, मग तो आकडा कितीही कमी असो. तपासणीचे पैसे वेगळे मागितले तर कुरकुर करू नका. एक-दोन तासांची मजुरी देऊन नेमका दोष कळणं हाच जुन्या गाडीतला सगळ्यात स्वस्त खर्च. तपासणी फुकट करणारा ते पैसे पुढे पार्टमधून काढतो.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर इंजिनाचे ठरावीक कोड वाचतो. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, दिवे-फ्यूज सांभाळणारं एसएएम मॉड्यूल यांच्यापर्यंत तो नीट पोचत नाही. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडी-फोक्सवॅगनला ओडिस किंवा व्हीसीडीएस लागतं. पण नुसतं मशीन असून भागत नाही. कोड पुसून "झालं बघा" म्हणणारे पुष्कळ आहेत. कोड पुसण्याआधीचा पूर्ण रिपोर्ट मोबाइलवर मागा. त्यात दोष आला तेव्हाचा वेग, तापमान आणि किलोमीटर नोंदलेले असतात. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) किती मागितलं आणि किती मिळालं, इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (कुठल्या इंजेक्टरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते) किती, हे त्याला समजावून सांगता येतंय का ते पाहा.

तिसरी परीक्षा ऑइलची, आणि ती सगळ्यात सोपी. "माझ्या गाडीत कुठलं ऑइल घालाल?" एवढंच विचारा. तुमच्या इंजिनाला मर्सिडीजच्या एमबी 229.51 किंवा 229.52 मान्यतेचं, बहुधा 5डब्ल्यू-30, सुमारे 8 लिटर लागतं. "डिझेल आहे ना, 15डब्ल्यू-40 घालू, आवाज कमी होईल" असं उत्तर आलं तर विषय संपला. दाट ऑइल थंड इंजिनात चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. ट्रकसाठीच्या ऑइलमधली राख डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदवते. 5 लिटरच्या एका डब्यात काम भागवणाराही आपोआप गळतो.

पहिल्याच भेटीत मोठं काम देऊ नका. ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड एवढंच द्या. परत आल्यावर खालचं प्लास्टिकचं कव्हर पाहा. सगळे स्क्रू जागेवर आहेत की दोन-चार ठिकाणी केबल टाय मारलेत? ड्रेन प्लगचं वॉशर नवीन आहे का? जुने पार्ट डिकीत ठेवले आहेत का? जॉब कार्डवर पार्ट नंबर लिहिलेत का? ज्याचे स्क्रू पूर्ण असतात, त्याच्या हाती पुढे इंजिन द्यायला हरकत नाही.

पत्ता शोधताना गाडीवाल्या मित्रांपेक्षा पार्टच्या दुकानदाराला विचारा. बॉश, मान, लेमफोर्डर, एलरिंग असल्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल नियमित कोण नेतो ते त्याला पाठ असतं. फ्लॅटबेड टोइंगवाल्यांनाही, कुठून निघालेली गाडी दोन आठवड्यांत पुन्हा उचलावी लागते ते चांगलं ठाऊक असतं. कंपनीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडून वेर्णा, पर्वरी, मडगाव भागात स्वतःचं गॅरेज काढलेले कारागीर सापडतात. त्यांना मात्र एक विचारा: तिथे तुम्ही इंजिन उघडत होता की फक्त सर्व्हिस करत होता? दोन्हींत फार अंतर आहे.

प्रश्न (मडगाव): 2009 ची बीएमडब्ल्यू 520डी. सकाळी सेल्फ मारला की इंजिनाच्या मागच्या बाजूने घासल्यासारखा खरखर आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो इंजेक्टरचा आवाज आहे, डिझेल इंजिन असंच वाजतं. चालवत राहू का?

उत्तर: नको. गाडी आजच थांबवा. 2007 ते 2011 दरम्यानच्या एन47 इंजिनाचं हे ओळखीचं दुखणं आहे. याची टाइमिंग चेन समोर नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन आणि तिच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या की आवाज तिकडूनच येतो आणि आरपीएमबरोबर चढतो. इंजेक्टरची टकटक वरून येते. मेकॅनिकने स्टेथोस्कोप आधी वर आणि मग गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ लावला तर दोन मिनिटांत फरक कळेल. चेन तुटली तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, आणि मग चेनच्या खर्चाऐवजी इंजिनाचा खर्च येतो.

या कामाला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. गॅरेजची पारख एका गोष्टीवरून करा: क्रँक आणि कॅम लॉक करायची या इंजिनाची हत्यारं त्यांच्याकडे आहेत का? ती प्रत्यक्ष दाखवायला सांगा. व्हाइटनरच्या खुणा मारून चेन बदलणारे आहेत, आणि दातभर चूक झाली की गाडी सुरू होताना कायमची कुरकुरते. वरची आणि खालची चेन, पट्ट्या, टेन्शनर हे सगळं नवीन घ्या. नुसती वरची चेन बदलून आवाज थोडे दिवस दबतो. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकवरचे दाते क्रँकशाफ्टमध्येच कोरलेले आहेत. ते झिजले असतील तर नवी चेनही टिकणार नाही, म्हणून जोडणीआधी त्या दात्यांचा जवळून काढलेला फोटो मागा. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बदला. पुढे बीएमडब्ल्यूच्या एलएल-04 मान्यतेचं 5.2 लिटर ऑइल दर 7-8 हजार किलोमीटरला. डॅशबोर्ड दाखवतो ते लांबलचक अंतर विसरा.

प्रश्न (पर्वरी): आमच्या 2015 च्या डिझेल एसयूव्हीत डीपीएफचा दिवा सतत लागतो. रोजची फेरी पर्वरी ते पणजी, तेवढीच. मेकॅनिक म्हणतो डीपीएफ काढून टाका, सॉफ्टवेअरमधूनही बंद करून देतो, कटकट संपेल. करावं का?

उत्तर: ते बेकायदा आहे, आणि असं सुचवणारा मेकॅनिक मूळ दोष शोधत नाही. डीपीएफ साचलेली काजळी सुमारे 600 अंशांवर जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी 15-20 मिनिटं सलग वेगात हवी. पर्वरीच्या रखडत्या वाहतुकीत ते कधीच जमत नाही. जाळणी अर्ध्यावर थांबते, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

मग आठवड्यातून एकदा मोकळ्या महामार्गावर, पहाटे किंवा रविवारी, अर्धा तास 70-80 च्या वेगात, आरपीएम 2000 च्या वर ठेवून गाडी न्या. तरीही दिवा आला तर मेकॅनिकला तीन गोष्टी तपासायला सांगा. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला आहे का, कारण कुलंट तापलं नाही तर जाळणी सुरूच होत नाही. प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का. आणि ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) अडकलाय का. स्कॅनरवर काजळी आणि राख हे दोन आकडे वेगळे दिसतात. काजळी जळते, राख जळत नाही. राखच भरली असेल तर डीपीएफ काढून मशीनवर धुऊन घेणं किंवा बदलणं एवढाच मार्ग उरतो.

प्रश्न (पेडणे): 2010 ची एस-क्लास रात्रभर उभी राहिली की पुढून बसते. एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर दोनदा बदलला. सहा महिने बरी चालते, मग पहिले पाढे पंचावन्न.

उत्तर: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हवा गळतेय दुसरीकडे, आणि ती भरून काढताना कंप्रेसर पळून पळून जळतो. रात्री चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून लिहा, सकाळी पुन्हा मोजा. बसलेल्या चाकाच्या स्ट्रटवर, विशेषतः वरच्या टोकाच्या पितळी जोडावर आणि रबराच्या घडीत, साबणाचं पाणी फवारायला सांगा. फुगे येतील तिथे गळती. दोन्ही बाजू सारख्याच बसत असतील तर चारही चाकांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व ब्लॉकवर संशय घ्या. स्ट्रट बदलल्यावर कंप्रेसरचा रिलेही बदला. तो चिकटला तर नवा कंप्रेसर थांबतच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कंप्रेसरचा ड्रायरही लवकर भिजतो, तो बदलला होता का विचारा.

प्रश्न (वास्को): पावसात गाडी झाडाखाली उभी असते. जुलैपासून डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स असे सगळे दिवे एकदम लागतात, कधी आपोआप जातात. इलेक्ट्रिशियन म्हणतो ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, गेला.

उत्तर: ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. काचेच्या खाली, वायपरच्या जाळीमागे पाणी वाहून जायची पन्हळ असते. गुलमोहराची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि तिथली निचऱ्याची भोकं बुजवतात. पन्हळ भरली की पाणी आत उतरून कार्पेटखालच्या वायरिंगमध्ये किंवा फ्यूजबॉक्समध्ये शिरतं. पुढच्या सीटसमोरचा कार्पेट दाबा. खालचा फोम ओला लागला तर दुखणं सापडलं. पन्हळ आणि सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या मोकळ्या करा. नळीत जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निखळते. सीट काढून फोम पूर्ण वाळवा. नुसता एसी लावून तो वाळत नाही.

तिथे कोरडं असेल तर बॅटरी. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना 10 च्या खाली जाऊ नयेत. त्याखाली गेले की मॉड्यूल भलतेसलते दोष नोंदवतात. शेवटी अर्थिंगच्या पट्ट्या: खाऱ्या हवेत त्यांच्या टोकांना गंज चढतो. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात 0.2-0.3 व्होल्टहून जास्त फरक दिसला तर पट्टी बदला. आणि बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहा. पावसाळ्यात त्यांनाही आडोसा लागतो.

प्रश्न (फोंडा): गिअरबॉक्सचं काम गोव्यात करावं की बेळगाव, कोल्हापूर गाठावं? पार्ट मुंबईहून जुने आणले तर चालतील का?

उत्तर: गाव कुठलंही असो, गिअरबॉक्स आधी ऑइलवर तपासून घ्या. "लाइफटाइम" ऑइल असं लिहिलेलं असलं तरी अनेक गाड्यांतले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ते बदलायला सांगते. यांना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान पाहून पातळी जुळवतात. झेडएफच्या सहा गिअरवाल्या बॉक्सला ते तापमान 30 ते 50 अंश लागतं. "जेवढं काढलं तेवढंच भरलं" म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका, आधीपासून कमी असेल तर ते कमीच राहतं. बॉक्स उघडायचाच असेल तर रोज बॉक्स उघडणाऱ्या माणसासाठी घाट ओलांडणं परवडतं. गाडी मात्र फ्लॅटबेडवरूनच जाऊ द्या. ऑटोमॅटिक गाडी दोरीने चोर्ला घाटातून ओढत नेली तर आहे तोही गिअरबॉक्स जाईल.

इंजेक्टरही असेच: गोव्यात उतरवून अधिकृत बॉश डिझेल सेंटरच्या बेंचवर तपासून घ्या. परत बसवताना खालचं तांब्याचं वॉशर आणि बोल्ट नवा, आणि इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड गाडीत भरायलाच हवा.

मुंबईच्या कुर्ल्याचे जुने पार्ट: दरवाजे, दिवे, सीट, काचा खुशाल घ्या. ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅगचा एकही भाग घेऊ नका. जुनी मॉड्यूलं बहुतेक आधीच्या गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेली असतात, ती विकत घेण्याआधी मेकॅनिकला कोडिंग जमेल का ते लिहून घ्या. नवा पार्ट मागवताना चेसिसचा 17 अक्षरी नंबर द्या. "ई-क्लासचा" म्हणून मागवलेला पार्ट अर्ध्या वेळा बसत नाही.

प्रश्न (म्हापसा): गॅरेजने न सांगता पार्ट बदलले, पक्कं बिल देत नाही, जुने पार्टही नाहीत. काय करता येईल?

उत्तर: आधी लेखी मागणी करा, व्हॉट्सअॅपवरही चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. उत्तर गोव्यासाठी तो पर्वरीला आहे. तक्रार घटनेपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. पुढच्या वेळी अंदाजपत्रकावर "यापेक्षा जास्त काम विचारल्याशिवाय करू नये" अशी एक ओळ लिहून सही घ्या.

प्रश्न (काणकोण): दिल्लीहून आलेली 2014 ची डिझेल सेदान फार स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

उत्तर: दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अशा गाड्या बाहेर स्वस्त निघतात. त्यामुळे नुसत्या किमतीवरून गाडी वाईट ठरत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पाहायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणून परत फिरा. मेकॅनिकला बरोबर न्या आणि त्याची मजुरी तुम्हीच द्या. मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिन, गिअरबॉक्स, चावी यांच्यात नोंदलेले किलोमीटर स्कॅनरने ताडून पाहा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून भसाभस धूर येतो का बघा. सगळं ठीक वाटलं तरी एनओसी मूळ आरटीओकडून प्रत्यक्ष आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गोव्यात नोंदणी बदलताना भरायचा रस्ता कर सौद्याच्या किमतीत आधीच धरा.